वेरिबीतली ऋषीची भाजी

माझा नवरा उल्हास इंजिनियर आहे आणि त्याला मोकळी जागा बघवत नाही. कुठं चार पावलं रिकामी दिसली की त्याच्या डोक्यात तिथं पाया, भिंती आणि छप्पर उभं राहतं. मेलबर्नजवळच्या वेरिबीतल्या आमच्या घरामागचं अंगण एक ना एक दिवस त्याच्या डोळ्यांत खुपणार, हे मला घर घेतलं तेव्हाच कळायला हवं होतं.

आता ते अंगण काही रिकामं नाही. तिथं माझी बाग आहे. लग्नाआधीचं आणि नंतरचंही माझं सगळं आयुष्य ठाण्यात तिसऱ्या मजल्यावर गेलं. ग्रिलमध्ये चार कुंड्या, आणि खालच्या बाईंच्या वाळत घातलेल्या साड्यांवर पाणी ठिबकलं की भांडण. इथं आल्यावर पहिल्यांदा पायाखाली स्वतःची माती आली. माती कसली, चिकण. उन्हाळ्यात विटेसारखी कडक आणि हिवाळ्यात चपलेला चिकटून घरभर फिरणारी. तिच्यात घोड्याची लीद, वाळकं गवत, चहाचा चोथा असं कालवून कालवून मी तिला माणसांत आणली. हॉस्पिटलच्या लॅबमधून दमून आले की मी आधी बागेत जाते, मग घरात. माझा मुलगा सलिल सिडनीला केलीव्हिलमध्ये राहतो. बाग मला त्याच्याइतकीच प्रिय आहे, आणि ती उलट उत्तरं देत नाही.

दोन हजार चोवीसच्या जानेवारीत उल्हासनं जेवणाच्या टेबलावर एक नकाशा पसरला. कोविड संपून सीमा उघडल्यापासून मेलबर्नमध्ये विद्यार्थ्यांची रीघ लागली होती. एखादी खोली भाड्यानं निघाली की ती बघायला फुटपाथपर्यंत रांग. त्यात घरामागं छोटं घर बांधायचे नियमही नुकतेच सैल झाले होते. उल्हासला आणखी काय हवं?

"ग्रॅनी फ्लॅट," तो म्हणाला. "दोन रूम, एक बाथरूम, छोटं किचन."

"आपल्या घरात ग्रॅनी कोण? मी?"

"स्टुडंट्ससाठी गं. किती डिमांड आहे माहितीये?"

मी चष्मा लावून नकाशा बघितला. बाथरूम नेमकं माझ्या लाल भोपळ्याच्या वेलावर होतं आणि किचनखाली अळू गेला होता. घोड्याच्या लिदीच्या ढिगावर त्यानं 'एन्ट्रन्स' लिहिलं होतं.

"भोपळा दुकानात मिळतो, शोभा," तो म्हणाला, आणि त्या आठवड्यात मी त्याच्याशी कामापुरतंच बोलले.

याच सुमारास कादंबरी नावाची एक मुलगी आमच्याकडे यायला लागली. इथल्या मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ही पोरगी आली, वाण घेतलं, तिळगूळ खाल्ला आणि भर हॉलमध्ये स्पष्ट विचारलं, "कुणाकडे रूम आहे का?" सांगलीची. इथं युनीत, म्हणजे युनिव्हर्सिटीत, पब्लिक हेल्थमध्ये मास्टर्स करत होती आणि उरलेल्या वेळात एका वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये शिफ्ट. जवळच्या टार्नीट उपनगरातल्या एका घरात हॉलमध्ये पडदा लावून त्याच्या अलीकडे ती आणि पलीकडे दुसऱ्या दोघी राहत होत्या. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मी म्हटलं, "हे बघ, घरात मी कुणाला ठेवणार नाही, मला ते जमत नाही. पण शनिवारी जेवायला ये."

ती आली. पुढच्या शनिवारीही आली. जेवण झालं की न सांगता बागेत उतरायची, तण काढायची. गवत कुठलं आणि माठाचं रोप कुठलं हे तिला एकदाच सांगावं लागलं.

उल्हासला मात्र हत्यार सापडलं. एका रविवारी सकाळी चहा पिता पिता तो म्हणाला, "त्या पोरीला राहायला जागा नाही, आणि तुला भोपळ्याला जागा हवी."

मला संताप आला. उत्तर नसलं की मी विषय बदलते. मी म्हटलं, "भोपळा उगाच नाही लावत मी. ऋषिपंचमीला लागतो."

इथं माझं चुकलं. उल्हास खुर्चीत सरसावून बसला.

ऋषिपंचमीला बायका उपास करतात आणि बैलाच्या कष्टाचं काही खात नाहीत. नांगरलेल्या शेतातलं धान्य नाही, भाजी नाही. तेलाच्या घाण्यालाही बैल, म्हणून तेलाची फोडणीसुद्धा नाही. परसात, कुदळीनं खणून, आपल्या हातानं लावलेल्या भाज्या एकत्र शिजवायच्या, ती ऋषीची भाजी. माझी आई ग्रिलमधल्या कुंडीत अळूची चार पानं तरी लावायचीच.

"मागच्या वर्षीची तुझी ऋषीची भाजी फ्रोझन होती," उल्हास म्हणाला. "पाकिटावर फोटो होता."

"मागच्या वर्षी थंडीनं सगळं गेलं होतं."

"आणि मुळात या देशात शेतात बैल आहेतच कुठं? सगळं ट्रॅक्टरवर. म्हणजे सुपरमार्केटातली प्रत्येक भाजी ऋषीचीच झाली की! मग बाग कशाला हवी?"

तो खदाखदा हसला. खरं सांगते, क्षणभर मलाही त्यात तथ्य वाटलं. पण मी बधणारी नाही. मी म्हटलं, "प्रश्न बैलाचा नाहीच मुळी. दुसऱ्याला राबवून आणलेलं त्या दिवशी खायचं नाही, हा त्यातला अर्थ आहे. स्वतःच्या कष्टाचं खायचं."

"मग खाऊन दाखव," तो म्हणाला. "यंदा सप्टेंबरात ऋषिपंचमीला निदान पाच भाज्या बागेतल्या. फ्रीझर चालणार नाही. केल्यास तर नकाशा मी माझ्या हातानं फाडीन."

"आणि नाही जमलं तर?"

"तर ऑक्टोबरात खोदाई. त्यावर एक शब्द बोलायचा नाही."

भारतात ऋषिपंचमी येते तेव्हा परसात पाय ठेवायला जागा नसते इतकं पिकलेलं असतं. वेरिबीत सप्टेंबर म्हणजे हिवाळ्याचं शेपूट, बागेत पालक आणि चिखल. उल्हासला हे पक्कं ठाऊक होतं. मलाही होतं. तरी मी हात पुढं केला आणि म्हटलं, "चिंच, मीठ आणि खोबरं सोडून. ती झाडं मी कुठून आणू?" त्यानं तेवढी सूट दिली.

मी मनाशी सगळं मांडलं. भोपळा इथल्या शरद ऋतूत, म्हणजे एप्रिलमध्ये, काढला की कोरड्या जागी सप्टेंबरपर्यंत टिकतो. मक्याची कणसं देठासकट वाळवून टांगायची आणि आदल्या दिवशी दाणे भिजत घालायचे. मुळा थंडीला भीक घालत नाही. लाल माठ किचनच्या खिडकीत ट्रेमध्ये वाढेल. राहिला अळू, त्याला मोठ्या कुंड्यांत हलवायचा आणि थंडीत लाँड्रीत, म्हणजे कपडे धुवायच्या खोलीत, घ्यायचा. झाल्या पाच. मला इतका आत्मविश्वास आला की मंडळाच्या बायकांना मी भोपळ्याच्या फुलांची भजी खायला बोलावलं.

भजी फक्कड झाली. फुलं अर्थात नर फुलंच तोडायची असतात, मादी फुलाच्या देठाशी इवलासा भोपळा असतो, हे मला कळतं. बायकांनी इतकी स्तुती केली की पुढचे दहा-बारा दिवस आमच्याकडे रोज कुणी ना कुणी भजी खायला येत होतं. मीही वेलावर नर फूल दिसलं की तोडत होते. फेब्रुवारीच्या मध्यावर कादंबरी वेलाशी उकिडवी बसली होती. ती म्हणाली, "काकू, हे छोटे भोपळे सगळे पिवळे पडून गळतायत."

"पाणी कमी पडलं असेल."

"पाणी नाही हो. नर फुलं सगळी आपल्या पोटात गेली. मग मादी फुलांनी काय करायचं?"

मी कपाळावर हात मारून घेतला. उल्हास खिडकीतून ऐकत होता, त्याला तर उकळ्या फुटल्या. त्या दिवसापासून भजी बंद. ही फुलं सकाळी उमलतात आणि ऊन चढलं की मिटतात, म्हणून शनिवारी कादंबरी सकाळच्या पहिल्या ट्रेननं यायला लागली. मी गाऊनमध्ये आणि ती युनीच्या हुडीत, दोघी वेलात वाकून नर फुलाच्या पाकळ्या सोलायचो आणि त्यातला पराग मादी फुलात टेकवायचो. मला घाई, तिचा हात हलका. मी केलेली सगळी गळाली. तिनं केलेल्यांपैकी एक धरला. एकच, पण एप्रिलमध्ये तो उचलून गॅरेजमध्ये ठेवायला उल्हासला बोलवावं लागलं. तो बिचारा बाह्या सरसावून उचलायला आला.

मार्चपासून उल्हास तिला जेवणानंतर स्टेशनवर सोडायला जायचा. तिचं शिकणं, तिच्या शिफ्ट्स याबद्दल गाडीत बोलत असतील असं मला वाटायचं. मी कधी विचारलं नाही. ती खोली शोधतेय हे मला माहीत होतं. दोनदा हातातोंडाशी आलेली खोली गेली, तेही तिनं सांगितलं होतं. मी तिला भरपूर खाऊ घालत होते आणि मला वाटत होतं माझ्याकडून तेवढं पुरे आहे.

अळूच्या कुंड्या तिनंच भरल्या. माती चाळणं, कंद लावणं, सगळं. लाँड्रीत एवढी जागा एकदम करता येईना म्हणून मी जूनभर त्या भिंतीशी आडोशाला ठेवल्या होत्या. जुलैत नातीच्या, अनन्याच्या वाढदिवसाला आम्ही सिडनीला गेलो आणि घराची किल्ली कादंबरीकडं दिली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी केलीव्हिलमध्ये केक कापत असताना तिचा फोटो आला. आमच्या लाँड्रीत, वॉशिंग मशीनसमोर, अळूच्या सगळ्या कुंड्या दाटीवाटीनं उभ्या. खाली लिहिलं होतं, "आज फ्रॉस्ट आहे. आत घेतल्या. नो वरीज." रात्रीच्या त्या गोठलेल्या दंवात अळू करपून गेला असता. कुंड्या तर उचलायला दोन माणसं लागतील अशा होत्या. नंतर दोन शनिवार ती पाठीला पट्टा लावून आली.

"गुणाची आहे गं पोरगी," मी उल्हासला म्हटलं.

"आहे खरी," तो म्हणाला, आणि माझ्याकडं विचित्र नजरेनं बघितलं. मला वाटलं हरायची भीती वाटतेय.

ऋषिपंचमी रविवारी आली. घरी दीड दिवसाचा गणपती होता. दर्शनाला लोक संध्याकाळी येणार होते, दुपारी आम्ही तिघंच. मी सकाळी न्हाऊन ओट्याशी उभी राहिले आणि कोयत्यानं भोपळा फोडला. आतून शेंदरी, घट्ट, बिया टपोऱ्या. मका फुगून तयार होता. माठ खिडकीतून कापला. मुळा कादंबरीनं चिखलातून उपटून आणला. अळूची पानं तळहाताएवढीच होती, पण हिरवीगार होती. बिनतेलाची, खोबरं आणि चिंच घातलेली भाजी मंद आचेवर रटरटायला लागली. त्या वासानं मला माझी आई आठवली आणि मी दोन मिनिटं ओट्याकडं तोंड करून रडून घेतलं. आनंदानंच.

उल्हास परीक्षक म्हणून हात मागं बांधून आला. झाकण काढून त्यानं भाज्या मोजल्या.

"मिरची?"

"लाँड्रीतली. अळूच्या शेजारची."

"फ्रीझर उघडून बघू?"

"बघ. आईस्क्रीम आहे."

वरीच्या भाताबरोबर त्यानं भाजी दोनदा मागून घेतली. मग हात धुऊन स्टडीत गेला, नकाशा घेऊन आला आणि आमच्यासमोर उभा आडवा फाडला. शब्दाचा पक्का आहे, एवढं मी म्हणेन. मला टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. बाग राहिली. भोपळा, अळू, लिदीचा ढीग, सगळं जागच्या जागी राहिलं. मी त्या घरात आल्यापासून इतकी ताठ कधी बसले नव्हते.

उल्हास कादंबरीकडं वळला. "सॉरी गं बेटा. तुझी रूम गेली."

"इट्स ओके, काका."

"कसली रूम?" मी विचारलं.

उल्हास टेबलावरचे तुकडे गोळा करायला लागला. कादंबरीनंच सांगितलं. "काकांनी मार्चमध्ये विचारलं होतं. फ्लॅट झाला तर पहिली रूम मला. मी हो म्हटलं होतं."

"तुला आमची पैज माहीत होती?"

"काकांनी तेव्हाच सांगितली."

मी हातातला घास ताटात ठेवला. "मार्चमध्ये कळलं? आणि तरी तू ते कणसं टांगणं, तो अळू... जुलैत किल्ली तुझ्याकडं होती!"

"हो." ती ताटाकडं बघत होती. "खोटं नाही बोलत, काकू. फोनवर फ्रॉस्टची वॉर्निंग आली तेव्हा मी बराच वेळ तुमच्या किचनमध्ये नुसती बसून होते. नसत्या उचलल्या तरी कुणाला कळलं नसतं. तुम्हीही काही बोलला नसता."

"मग?"

"मग काय? कंद मी लावले होते. मरताना कसं बघू?"

एवढं बोलून ती वरीचा घास खायला लागली. मला तिचा राग आला, उल्हासचा आला, आणि मग स्वतःचीच लाज वाटली. स्वतःच्या कष्टाचं खायचं, दुसऱ्याला राबवायचं नाही, हे मीच छातीठोकपणे सांगितलं होतं. आणि माझ्या ताटातला भोपळा हिनं धरवलेला, अळू हिनं पाठ मोडून वाचवलेला. बैल नव्हता हे खरं. बैलाच्या जागी ही होती, आणि तिला रात्री निजायला पडद्यामागची जागा होती.

"उल्हास," मी म्हटलं, "मी हरले."

"आता काय झालं?"

"ही भाजी माझ्या कष्टाची नाही. या पोरीला जुंपून केलेली आहे."

"काकू, मला बैल काय म्हणता!" कादंबरीला हसू आलं.

"म्हणजे बांधायचं?" उल्हासनं हातातल्या तुकड्यांकडं बघितलं. "आत्ताच फाडला मी!"

"बांधायचं काही नाही. घरात चार बेडरूम आहेत आणि माणसं दोन. कादंबरी, जेवण झालं की गाडी काढू आणि तुझं सामान आणू."

उल्हास माझ्याकडं बघतच राहिला. "घरात कुणाला ठेवणार नाही म्हणालीस ना?"

"म्हणाले होते. आता हे म्हणतेय."

मला वाटलं पोरगी रडेल, गळ्यात पडेल. मी तयारीही ठेवली होती. तिनं शांतपणे ताक पिऊन वाटी खाली ठेवली. "भाडं घेणार असाल तर येते. टार्नीटला देते तेवढंच. आणि अजून एक अट आहे."

"बोल."

"बागेत एक वाफा माझा. त्यात काय लावायचं ते मी ठरवणार. तुम्ही मध्ये बोलायचं नाही."

मी वाटीतलं ताक ढवळायला लागले. खोली द्यायला मला एवढा वेळ लागला नव्हता. त्या बागेतली वीतभर माती मी आजवर कुणाला दिली नव्हती. उल्हासनं एक कुंडी ठेवतो म्हटलं तरी मी हाकलला होता. तो आता तोंडावर हात ठेवून आमच्याकडं बघत होता.

"कुंपणाकडचा घे," मी म्हटलं.

"तिथं दिवसभर सावली असते, काकू. मला मधला हवा."

मधला म्हणजे भोपळ्याचा. सहा वर्षं मी त्या वाफ्यात लीद जिरवली होती. मी खिडकीतून त्याच्याकडं बघितलं, मग तिच्याकडं बघितलं. ती नजर खाली घालत नव्हती.

"घे," मी म्हटलं. "पण आधी ताट संपव."